टिपक्यावर उकळतं पाणी ओतलं, आणि ओतणारं माणूस आपल्यातलंच आहे

शेवंती_विक्रोळी | रविवार, सकाळी ११:४०

आम्ही कन्नमवार नगरात राहतो. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांपाशी टिपक्या नावाचा कुत्रा सहा वर्षांपासून राहतो. पांढरा, पाठीवर तपकिरी ठिपके, कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. कोणाच्या अंगावर गेल्याचं मला आठवत नाही. रात्रपाळीहून येणाऱ्यांना गेटपासून जिन्यापर्यंत सोडायला येतो, मग परत जाऊन झोपतो.

आज सकाळी साडेसातला मी ओट्यापाशी होते. खिडकीतून समोरचा जिना दिसतो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि कठड्यावरून खाली ओतलं. पाण्याची वाफ मला इथून दिसली. त्यानंतर जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही.

तासाभराने टिपक्या एका टेम्पोखाली सापडला. तोंडाची डावी बाजू, कान आणि मान भाजली आहे. डावा डोळा उघडत नाही. हात पुढे केला तर माझ्यावरसुद्धा गुरगुरतोय, सहा वर्षांत पहिल्यांदा.

आता खरी अडचण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा याच वहिनींनी अकरा दिवस डबा पाठवला. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी ओढली होती. त्यांची बाजूही लपवत नाही. टिपक्या त्यांच्या दारातल्या रांगोळीवर पाय वर करतो, आणि त्या बासष्टाव्या वर्षी दिवसातून दोनदा उंबरठा धुतात. त्याला जिन्यात खायला घालते ती मी. त्यांनी मला दोनदा सांगितलंही होतं, मी हसून सोडून दिलं.

वॉचमनने पाहिलंय. म्हणतो, ताई, माझं नाव नको. सेक्रेटरी म्हणतात, आपापसात मिटवा, पोलीस बिल्डिंगमध्ये नकोत. तक्रार करायची का? करायची तर कशी? आणि उद्या जिन्यात वहिनी समोर आल्या तर मी काय करू?

---

पाणपोई | रविवार, दुपारी १२:०५

ताई, तक्रारीचं नंतर. आधी जनावर.

भाजलेल्या जागी साधं पाणी हळूहळू सोडत राहा, दहा-पंधरा मिनिटं तरी. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, खोबरेल तेल नको. मग स्वच्छ सुती कापड ओलं करून सैल झाका. घरातली क्रोसिन किंवा दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी देऊ नका. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्यामांजरांचा जीव जाऊ शकतो. डोळ्यात घरातले थेंब अजिबात घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल तर उरलासुरला डोळाही जाईल.

उचलताना जाड चादर टाकून उचला. वेदनेत ओळखीचा कुत्राही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं. पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते.

जवळपास डॉक्टर नसेल तर सरळ परळचं जनावरांचं हॉस्पिटल गाठा.

---

कलमदान | रविवार, दुपारी १:२०

वीस वर्षं कोर्टात उभा राहतोय, त्यातले सात-आठ खटले जनावरांचे. जरा सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत बहुतेकांना चुकीची माहिती असते.

लोक ज्याला प्राण्यांचा कायदा म्हणतात तो १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, पाळून सोडून देणं, हे सगळं येतं. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकं तसेच आहेत. त्यातले बरेचसे गुन्हे अदखलपात्रही आहेत, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ठाण्यात गेलं की एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, हातात देतात आणि घरी पाठवतात.

तुमच्या कामाचं कलम वेगळं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. जनावराला ठार मारणं, विष घालणं, कायमचं अपंग किंवा निकामी करणं. पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि दखलपात्र. जुन्या दंड संहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती, आणि जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये हे पाहिलं जायचं. १ जुलै २०२४ पासून ती किंमतीची अट गेली. 'कुत्रं कोणाचं?' असं ठाण्यात विचारतील. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी या शहरात असे गुन्हे दाखल झालेले आहेत, तेवढं शांतपणे सांगा.

म्हणजे तुमची सगळी तक्रार डोळ्यावर उभी आहे. डोळा वाचला तर फार बरं. गेला, तर डॉक्टरांकडून 'डावा डोळा कायमचा निकामी, कारण गरम द्रवाने भाजणे' असं तारखेसह आणि शिक्क्यासह लिहून घ्या.

गेटचा कॅमेरा असेल तर कमिटीला आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. फुटेजची प्रत घेताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही सही करून घ्या, नाहीतर कोर्टात वाद घालत बसावं लागतं.

आणि १९६० च्या कायद्याखालची तक्रार तीन महिन्यांनंतर चालत नाही. कलम ३६. माझ्याकडे चौथ्या महिन्यात येणारी माणसं पाहून फार वाईट वाटतं.

---

दोन_मुलांची_आई | रविवार, दुपारी २:१०

उकळतं पाणी ओतणं वाईटच. त्यावर माझं दुमत नाही. पण शेवंतीताई, मी तुमच्या वहिनींच्या जागी राहते असं समजा.

माझ्या धाकट्याला मागच्या वर्षी शाळेतून येताना पोटरीला कुत्रा चावला. पाच वर्षांचा होता. इंजेक्शनांना त्याला चार माणसांनी धरायला लागलं. त्यानंतर तीन महिने तो खाली खेळायला गेला नाही. आमच्याही जिन्यात एक ताई रोज रात्री चिकन-भात ओततात. त्यांना सांगायला गेलं की 'तुम्हाला दया नाही' असं ऐकून घ्यावं लागतं. कुत्र्याचे फोटो शंभर लोक पाहतात. माझ्या मुलाच्या पोटरीचा फोटो मी कुठे टाकू?

चिडून म्हणत नाही. पण 'मी हसून सोडून दिलं' हे वाक्य वाचून माझ्या पोटात कालवलं.

---

शेवंती_विक्रोळी | रविवार, रात्री ९:५५

आईताई, तुमचं म्हणणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तुमचा मुलगा आता बरा आहे ना?

आजची हकीकत. पाणपोईंनी सांगितलं तसं केलं. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, म्हणून सायनला उतरून टॅक्सी शोधली. तिघांनी नाही म्हटलं. चौथे काका वयस्कर होते, त्यांनी मागच्या सीटवर स्वतःची घोंगडी अंथरली आणि परळपर्यंत मीटरचेच पैसे घेतले.

भाजल्याचं ठीक होईल, डॉक्टर म्हणाले. डोळा नाही. बुबुळ पांढरं पडलंय. दोन-तीन दिवस बघतील, पण आशा धरू नका म्हणाले. त्याला तिथेच ठेवलंय. मी निघताना त्याने मान उचलून आवाजाच्या दिशेने पाहिलं, उजव्या डोळ्याने.

---

गिरणभोंगा | रविवार, रात्री १०:४०

परळचं नाव आलं म्हणून लिहितो. आम्ही त्याला कधी त्याच्या पाटीवरच्या नावाने ओळखलं नाही. बाई साकरबाई दिनशा पेटिट हे पाटीवरचं नाव, आमच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल. शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं.

नाव बैलघोडा पडलं कारण तेव्हाची मुंबई बैल आणि घोडेच ओढत होते. आमच्या चाळीत एक गाडीवान होता, कॉटनग्रीनहून गिरणीत कापसाच्या गाठी ओढायचा. चढावर बैल थांबला की शेपटी पिळायचा, हाड मोडेपर्यंत. एके दिवशी चाळीतली एक म्हातारी, नऊवारी खोचून, बैलापुढे रस्त्यात बसली. 'दोन गाठी उतरव, मग उठते,' म्हणाली. मागे ट्राम अडकली. गाडीवान शिव्या देत होता, लोक हसत होते. ती उठली नाही. शेवटी दोन गाठी उतरल्या. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या गाडीवानाच्या बायकोचं बाळंतपण त्याच म्हातारीने केलं होतं आणि पुढचंही तिनेच केलं. त्यामुळे शेवंती, तक्रार केली म्हणजे शेजार संपलाच असं धरून चालू नकोस.

कुत्र्यांपायी तर या शहराने बंद पाळलाय. ६ जून १८३२. कंपनी सरकारचे शिपाई बक्षिसाच्या पैशांसाठी भटकी कुत्री मारत फिरत होते, आणि कोटातले, म्हणजे आताच्या फोर्टातले, पारशी लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरची पांजरपोळ, म्हणजे जनावरांचं आश्रयस्थान, निघाली. जमशेटजी जीजीभाईंचा त्यात पुढाकार होता.

व्हिक्टोरिया घोडागाड्या तर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. गेटवे, नरिमन पॉइंट, चंदेरी पत्रे आणि दिवे लावलेल्या. डांबरावर, भर उन्हात, खुरांना तडे गेलेले घोडे. २०१५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. तेव्हाही घोडेवाल्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न होता, आणि तो खराच होता.

---

तेरा_नंबर | सोमवार, सकाळी ८:१५

कलमदान यांनी चौथ्या महिन्यातल्या माणसांबद्दल लिहिलंय. मी त्यातलाच.

आमच्या गल्लीत एका रात्रीत चार कुत्री मेली. तोंडाला फेस, पाय ताठ. सगळ्यांना कळलं होतं कोणी केलं. आम्ही रडलो, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, आणि सकाळी पालिकेची गाडी येऊन ती घेऊन गेली. शवविच्छेदन करायचं असतं हे कोणाला माहीतच नव्हतं. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला असता तर विषाचं नाव कागदावर आलं असतं. मी ठाण्यात गेलो तेव्हा साहेब विचारत होते, 'विष होतं कशावरून?' माझ्याकडे चौसष्ट फोटो होते आणि उत्तर एकही नव्हतं.

मेलेलं जनावर हलू देऊ नका. आधी पोलिसांना कळवा, पंचनामा मागा. ही एवढी ओळ कोणी तेव्हा मला सांगितली असती तर!

---

पंखांची_काळजी | सोमवार, सकाळी ९:३०

थोडं विषयांतर, पण जवळचंच. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही झाडांवरून घारी, पाणकावळे, वटवाघळं उतरवतो. नायलॉनचा मांजा पंखात हाडापर्यंत गेलेला असतो. हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली, तरी तो मागच्या दाराने मिळतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाईक मागतं. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर कोणता मांजा चाललाय ते एकदा वर जाऊन बघा.

आणि पिंजऱ्यातला पोपट. आपला साधा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 'पण आम्ही त्याला मिरची देतो, लाड करतो' असं सांगतात. वनविभागाचा नंबर १९२६.

---

कलमदान | सोमवार, सकाळी १०:१०

दोन मुलांच्या आईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

ताई, कायदा तुमच्याही बाजूने आहे, फक्त कोणी तो वाचून दाखवत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला नियम २० बघा. कुत्र्यांना खायला घालायची जागा जिना, येण्याजाण्याचं दार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर हवी, आणि वेळ अशी हवी की लहान मुलं आणि म्हातारी माणसं तेव्हा तिथे कमी असतील. ती जागा ठरवणं हे सोसायटीचं काम आहे. जिन्यात भात ओतणाऱ्या तुमच्या ताई नियम मोडतायत. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरलेल्या जागीच खायला घाला असं सांगितलंय. त्याच आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लस झालेला कुत्रा त्याच्या जागी परत सोडायचा, पिसाळलेला किंवा अंगावर येणारा मात्र सोडायचा नाही.

चावऱ्या कुत्र्याची पालिकेकडे लेखी तक्रार करा. तीसुद्धा पोच घेऊन.

---

दोन_मुलांची_आई | सोमवार, दुपारी १२:४५

हे मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. नियमाची प्रत काढून कमिटीला देते.

शेवंतीताई, मुलगा बरा आहे. विचारलंत, बरं वाटलं. टिपक्याच्या औषधांचे पैसे लागत असतील तर सांगा, थोडे मीही देईन.

---

शेवंती_विक्रोळी | बुधवार, रात्री ११:२०

डोळा गेला. आज काढावा लागला.

काल पहिल्यांदा ठाण्यात गेले. अंमलदारांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि एनसी लिहायला घेतली. मी म्हटलं, थांबा, उद्या कागद घेऊन येते. आज डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो, कमिटीच्या पोचेची प्रत आणि कलम ३२५ चा मजकूर मराठीत छापून नेला. सोबत नवरा आला. दोन तास बसलो. एका तरुण उपनिरीक्षक बाईंनी ते कलम दोनदा वाचलं, वरिष्ठांना दाखवून आल्या, आणि गुन्हा दाखल केला. माझा जबाब सहा पानी झाला. उद्या पंचनामा.

वॉचमनला मी काही म्हटलं नव्हतं. तो संध्याकाळी स्वतःच आला. म्हणाला, 'ताई, रात्री दोनला मी एकटा असतो तेव्हा माझ्याजवळ तोच बसतो. लिहा माझं नाव.' कमिटीने त्याला कामावरून काढू नये म्हणून मी आणि अजून पाच घरांनी सही करून पत्र दिलंय.

आणि वहिनी. रात्री साडेनऊला दार वाजलं. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'मला फक्त त्याला हाकलायचं होतं गं. चहाचं आधण होतं, तेच उचललं.' मग म्हणाल्या, 'तुझ्या आईला मी डबा दिला होता.'

मी म्हटलं, 'तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी जे पाहिलं ते मला न पाहिल्यासारखं करता येणार नाही. आणि जिन्यात खायला घालून तुम्हाला मी त्रास दिला, त्याची माफी मागते. ते आजपासून बंद.' त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे हात थरथरत होते. माझेही. दार लावल्यावर मी खूप वेळ रडले.

---

गिरणभोंगा | गुरुवार, सकाळी ६:५०

पोरी, बरोबर केलंस. आता त्यांच्याशी बोलणं टाकू नकोस. जिन्यात दिसल्या की आधी तू बोल.

---

तेरा_नंबर | गुरुवार, सकाळी ७:३०

गुन्ह्याचा नंबर आणि कलम वहीत लिहून ठेवा. पाठपुराव्याला प्रत्येक वेळी तेच विचारतात. आणि उपनिरीक्षक बाईंना एक आभाराचं पत्र द्या. अशा कामाचं कौतुक त्यांना कोणी लिहून देत नाही.

---

पाणपोई | गुरुवार, सकाळी ८:००

एका डोळ्याने कुत्रा छान जगतो, पंधरा-वीस दिवसांत सरावतो. फक्त डाव्या बाजूने अचानक हात लावू नका, आधी आवाज द्या. मुलांनाही हे शिकवा. चावण्याचा धोका त्यानेच टळतो.

---

शेवंती_विक्रोळी | २४ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

टिपक्या परत आलाय. मानेवर केस अजून आलेले नाहीत. कमिटीची सभा झाली, बराच आरडाओरडा झाला, आणि शेवटी पंपाच्या खोलीमागची जागा खाण्यासाठी ठरली. वेळ रात्री साडेदहा. भांडी उचलून जागा धुवायची जबाबदारी मी आणि तळमजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीने घेतलीय. तो आता रात्री तिकडेच झोपतो, त्यामुळे पहिल्या मजल्यावरची रांगोळी दिवसभर टिकते.

आरोपपत्र अजून गेलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करते. वहिनींना जामीन झाला, त्यांचा मुलगा आमच्याशी बोलत नाही. वहिनी बोलतात, कमी. परवा भाजीवाल्यापाशी त्यांनी विचारलं, 'डोळा दुखतो का त्याला अजून?' मी नाही म्हटलं.

भांडं वाजलं की तो अजून गाडीखाली पळतो. म्हणून पाण्यासाठी स्टीलची वाटी काढून कुंभारवाड्यातून मातीचं कुंडं आणून ठेवलंय.